नाशिकच्या उन्हाळ्यात सगळ्या घराला एकच डक्ट कूलर: जोडणी, पाणी आणि खिडक्यांचं गणित

कौलारू
घर एकमजली, इंदिरानगर भागात, वर उघडा स्लॅब. हॉल १२ बाय १८, दोन बेडरूम १० बाय १२, उंची १० फूट. एप्रिल-मेमध्ये स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. तीन खोल्यांत तीन कूलर ठेवण्यापेक्षा मागच्या भिंतीबाहेर एकच मोठा कूलर बसवून पत्र्याच्या डक्टमधून तिन्ही खोल्यांत हवा न्यायचा विचार आहे.
कूलर किती सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा देणारा) लागेल? बाजारात मिळणारा साधा पंख्याचा डेझर्ट कूलर डक्टला जोडला तर चालतो का? पाणी बोअरचं आहे, टीडीएस (विरघळलेले क्षार) ९००. दिवसाला किती पाणी जाईल, आणि जून उजाडला की या सगळ्याचं काय करायचं? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

नवशिका
हाच प्रश्न माझ्याही मनात होता. वाचतोय.

ओला_पारा
आधी हवा किती ते काढू. तिन्ही खोल्यांचं घनफळ ४,५६० घनफूट. वर दुसरा मजला असेल तर तासाला ३० वेळा हवा बदलली तरी पुरतं. उघड्या स्लॅबला ४० वेळा धरा. ४,५६० गुणिले ४०, भागिले ६०, म्हणजे साधारण ३,००० सीएफएम. घनफळाच्या प्रमाणात वाटणी केली तर हॉलला १,४०० आणि बेडरूमला प्रत्येकी ८००.

आता गारवा किती मिळेल ते. कूलरची मर्यादा बाहेरच्या तापमानावर ठरत नाही. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरलं की पारा जिथे थांबतो, ती खरी मर्यादा. दुपारी ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओला पारा सुमारे २२ वर थांबतो. मधलं अंतर १८ अंश. चांगला पॅड (कूलरमधला पाण्याने भिजणारा थर) यातलं ८० टक्के अंतर कापतो, म्हणजे खोलीतल्या डक्टच्या जाळीतून साडेपंचवीस अंशांची हवा यायला हवी. तेच जूनच्या पहिल्या आठवड्यात ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर ओला पारा २७ च्या वर. हवा येईल साडेअठ्ठावीसची आणि ती दमट असेल. यंत्र तेच, पण उपयोग शून्य. म्हणून नाशिकसाठी हे मार्च ते मेचं साधन आहे, त्यापुढे पंखाच.

पत्रा_२४गेज
साधा डेझर्ट कूलर डक्टला जोडू नका. त्यातला पात्यांचा पंखा मोकळ्यावर भरपूर हवा फेकतो, पण समोर अडथळा आला की कोलमडतो. पाण्याच्या स्तंभाच्या ३-४ मिमी दाबालाच त्याची हवा निम्म्यावर येते. ओला पॅड, तीस-चाळीस फूट डक्ट, दोन-तीन वळणं आणि जाळ्या मिळून १० मिमीच्या आसपास दाब लागतो. तिथे ब्लोअरच हवा, म्हणजे गोल पिंजऱ्यासारखा, दोन्ही बाजूंनी हवा ओढणारा. ३,००० सीएफएमला अर्धा ते पाऊण एचपीची मोटर पुरते. विकत घेताना विचारा: "१० मिमीला किती सीएफएम?" डब्यावर छापलेला आकडा बहुतेक वेळा मोकळ्या हवेतला असतो.

डक्टचे माप:
मुख्य डक्ट २४ बाय १५ इंच. त्यात वेग मिनिटाला १,२०० फूट येतो, त्याहून लहान केलं तर घरात घोंगावतं.
हॉलची फांदी १८ बाय १४, बेडरूमच्या १४ बाय १०.
जाळ्या मोठ्या ठेवा. हॉलला २४ बाय १२ च्या दोन, बेडरूमला २२ बाय १४ ची एकेक. जाळीच्या पट्ट्यांनी पाव जागा जाते, हे धरूनच ही मापं आहेत.

पत्रा जीआय (जस्त चढवलेला), २४ गेज. प्रत्येक फांदीला तोंडाशी डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करायची झडप. कूलर आणि डक्टच्या मध्ये चार-सहा इंचांचा कॅनव्हासचा तुकडा, नाहीतर ब्लोअरची थरथर पत्र्यातून थेट पलंगापर्यंत जाते. डक्टला कूलरकडे हलका उतार द्या. पॅडवरून कधी तुषार आलेच तर पाणी परत कूलरमध्ये जाईल, खोलीत टपकणार नाही. सांधे सिलिकॉनने भरा. नुसत्या चिकटपट्टीचे सांधे उन्हाने दोन वर्षांत सुटतात.

कौलारू
मापं एकदम कामाची आहेत, आभार. डक्ट गच्चीवरून न्यायचं आणि स्लॅबला भोकं पाडून खाली उतरवायचं, असं एका मिस्त्रीने सुचवलंय. बरोबर आहे का?

पत्रा_२४गेज
ताई, स्लॅबला हात लावू नका. कोर कटिंगमध्ये सळई कापली जाते, वॉटरप्रूफिंग फुटतं आणि पहिल्या पावसात गळती सुरू होते. मागच्या भिंतीतून, व्हेंटिलेटरच्या जागेतून आत शिरा. पॅसेजच्या छताला डक्ट टांगून तिथून खोल्यांत फांद्या काढा. पॅसेजमध्ये आठ फूट उंची शिल्लक राहते, ती पुरे. गच्चीवरून न्यायची वेळ आलीच तर डक्टला इन्सुलेशन हवं, २५ मिमी, वरून फॉइल. उघडं वीस फूट डक्ट दुपारच्या उन्हात हवा एखादा अंश सहज तापवतं, आणि पॅडने कमावलेला अंश रस्त्यातच जातो.

बॉलकॉक
कूलर गच्चीवर ठेवणाऱ्यांसाठी: पाण्यासकट वजन दीडशे-दोनशे किलो होतं. ते स्लॅबच्या मधोमध नको, खाली बीम किंवा भिंत आहे तिथे. अँगलच्या स्टँडखाली रबर. सोसायटी असेल तर गच्ची सामाईक असते, आधी लेखी परवानगी घ्या.

गोदाकाठ
एवढा खटाटोप कशाला? गवताचे पॅड, साधा कूलर, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. खोली पटकन गार होते. खिडक्या उघड्या ठेवल्या तर गार हवा बाहेर जाणार, हे साधं आहे.

ओला_पारा
काका, इथे मात्र नम्रपणे पण ठाम असहमत. एसी आतलीच हवा फिरवतो म्हणून दारं बंद लागतात. कूलर दर मिनिटाला ३,००० घनफूट नवी हवा आत ढकलतो. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती आत येतच नाही, ब्लोअर नुसता घुसमटतो. शिवाय त्या हवेबरोबर बाष्प येतं. ते साठत गेलं की तासाभरात अंग चिकट होतं, आणि मग लोक म्हणतात कूलरने दमट होतं. दमट कूलरमुळे होत नाही, बंद खिडकीमुळे होतं.

हिशोब असा: दर १,००० सीएफएमला दोन चौरस फूट बाहेरची वाट. बेडरूमच्या ८०० ला १.६ चौरस फूट. चार फूट उंचीची स्लायडिंग खिडकी पाच इंच सरकवली की झालं. डासांची जाळी असेल तर तिच्या तारांनी जवळपास ४० टक्के वाट अडते, मग आठ इंच. हॉलला २.८ चौरस फूट. आणि खिडकी उघडायची ती डक्टच्या जाळीच्या समोरच्या भिंतीतली, म्हणजे हवा पूर्ण खोली ओलांडून जाईल. जाळीशेजारची खिडकी उघडली तर हवा तिथल्या तिथे निघून जाते.

तपासायला उदबत्ती घ्या. खिडकीच्या फटीशी धरली की धूर संथपणे बाहेर जायला हवा. आत येत असेल तर हवा कमी पडतेय किंवा वाट जास्त झालीय. दार अर्धवट उघडं ठेवल्यावर धाडकन आपटत असेल तर वाट कमी आहे.

गोदाकाठ
उदबत्तीची युक्ती आवडली. मुद्दा मान्य. पण गवताबद्दल बोललो ते मागे घेत नाही. ताज्या गवताचा गारवा हनीकोंबला (मधाच्या पोळ्यासारख्या कागदी पॅडला) येत नाही.

दिंडोरी_शेड
ताजं गवत खरंच उत्तम ओलं होतं, तेवढं बरोबर. पण महिन्याभरात ते स्वतःच्या वजनाने खाली बसतं, वर मोकळी फट पडते आणि गरम हवा त्या फटीतून सरळ आत येते. दर मोसमाला बदलावं लागतं. डक्टसाठी १०० मिमी जाडीचा हनीकोंबच घ्या, नीट धुतला तर तीन-चार मोसम टिकतो.

इकडच्या फुलांच्या पॉलिहाऊसमध्ये एका टोकाला पॅडची भिंत आणि दुसऱ्या टोकाला पंखे असतात. तेच पॅड, तेच शास्त्र. त्यामुळे पॉलिहाऊसचं सामान विकणाऱ्यांकडे हवे त्या मापाचे पॅड कापून मिळतात. दोन आकडे लक्षात ठेवा. पॅडमधून हवेचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर नको, नाहीतर तुषार उडून डक्टमध्ये जातात. ३,००० सीएफएमला निदान पाऊण चौरस मीटर पॅड लागतो, एक चौरस मीटर असेल तर उत्तम. दुसरं, पॅडच्या लांबीच्या दर मीटरला मिनिटाला ६ लिटर पाणी वरून पडलं पाहिजे. तीन बाजूंचे मिळून दोन मीटर असतील तर १२ लिटर. पाणी कमी पडलं की पॅडवर कोरडे पट्टे दिसतात आणि क्षार नेमके तिथेच धरतात.

पॅड बसवताना दिशा बघा. कागदाच्या नळ्या दोन वेगळ्या कोनांत असतात. जास्त उतार असलेल्या नळ्या बाहेरच्या बाजूला खाली उतरत्या ठेवायच्या, म्हणजे पाणी हवा येते त्या तोंडाकडे वाहतं आणि आत उडत नाही. उलटा बसवलेला पॅड हे जाळीतून पाणी येण्याचं फार मोठं कारण आहे.

वाळा_वास
वाळ्याचे पॅड चालतील का? त्या वासाला तोड नाही.

दिंडोरी_शेड
मुख्य पॅड म्हणून नको, मुळ्या दाट असतात आणि हवा अडते. मूठभर वाळा मलमलच्या पुरचुंडीत बांधून टाकीत सोडा, दर तीन-चार दिवसांनी बदला. पंपाच्या तोंडाशी जाळी लावा, काड्या अडकतात.

नवशिका
टाकीत बर्फ टाकला तर अजून गार होईल ना?

ओला_पारा
एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता शोषतं, तेवढी शोषायला सव्वासात किलो बर्फ वितळावं लागतं. हा कूलर तासाला ३० लिटर पाणी उडवतो. दहा किलोच्या लादीने दीड लिटर पाण्याचंही काम होत नाही. बर्फाच्या पैशात पॅड धुण्याचा ब्रश घ्या, फरक दिसेल.

बॉलकॉक
पाण्याचा प्रश्न राहिला होता. ताईंनी टीडीएस ९०० सांगितलाय, तिथेच खरी मेख आहे.

तासाला ३० लिटर उडतं, पण उडतं ते शुद्ध पाणी. क्षार टाकीतच राहतात. टाकीतला बॉलकॉक (तरंगत्या गोळ्याचा नळ) तेवढंच नवं पाणी आणि नवे क्षार आत सोडतो. दिवसाअखेर टाकीतलं पाणी अनेक पट खारं होतं, पॅडवर पांढरा थर बसतो, नळ्या बुजतात, हवा अडते. पॅड एका मोसमात दगड होतो आणि नाव पॅड बनवणाऱ्याचं खराब होतं.

उपाय म्हणजे सतत थोडं पाणी काढून टाकणं. पंपाच्या डिलिव्हरी पाइपला (पाणी वर नेणाऱ्या) टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड लावून त्यावर छोटा कॉक बसवा, पाइप सांडपाण्याच्या वाटेला. टाकीच्या तळाला कॉक लावू नका, पंप बंद असतानाही टाकी रिकामी होत राहील. डिलिव्हरीवर असेल तर पंप चालू तेव्हाच पाणी जातं. ९०० टीडीएसला क्षार तिप्पट होईपर्यंत चालवायचं म्हटलं तर उडणाऱ्याच्या निम्मं काढावं लागतं, म्हणजे तासाला १५ लिटर, मिनिटाला पाव लिटर. पाव लिटरचं माप धरा, घड्याळ लावा, एका मिनिटात भरेल असा कॉक ठेवा. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी वापरलं तर क्षार पाचपटीपर्यंत चालवता येतात, मग तासाला साडेसात लिटर पुरे.

एकूण बोअरच्या पाण्यावर आठ तासांना ३६० लिटर. वरच्या टाकीत तेवढी सोय आहे का, ते आधी बघा.

कौलारू
३६० लिटर! हा आकडा कोणीच सांगितला नव्हता. काढलेलं पाणी कढीपत्ता आणि गुलाबांना घातलं तर वाया जाणार नाही.

दिंडोरी_शेड
गुलाबांना अजिबात नको. ते पाणी २,७०० टीडीएसचं असेल, पानांच्या कडा करपतील आणि माती चिवट होईल. संडासाच्या फ्लशला, अंगण धुवायला वापरा.

हिमरेषा
थोडं अवांतर, पण याच्याशी नातं आहे. कॅनडा-अमेरिकेत घरातल्या फर्नेसला (घर तापवणाऱ्या भट्टीला) सगळ्या घराचा ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओली करणारं यंत्र जोडतात. पॅड तसाच, काम उलटं: तिथे गारवा नको असतो, नुसतं बाष्प हवं असतं. बाहेरची गोठलेली हवा आत तापवली की आर्द्रता पार घसरते, नाकातून रक्त येतं, लाकडाला भेगा पडतात.

बायपास प्रकारात तो परतीच्या हवेच्या डक्टवर बसवतात आणि गरम हवेच्या डक्टपासून त्याच्यापर्यंत सहा इंची गोल नळी टाकतात. दोन डक्टमधल्या दाबाच्या फरकाने गरम हवा पॅडमधून आपोआप ओढली जाते, वेगळा पंखा लागत नाही. २४ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप) फर्नेसचा ब्लोअर चालू असतानाच पाणी सोडतो. परतीच्या डक्टवर ह्युमिडिस्टॅट (आर्द्रता मोजून यंत्र चालू-बंद करणारं बटण) बसतो, तोही ह्युमिडिफायरच्या अलीकडे, म्हणजे ओली झालेली हवा त्याला फसवत नाही. बाहेर उणे १८ असेल तर आत २५ टक्के, उणे २९ असेल तर १५ टक्केच आर्द्रता ठेवायची, नाहीतर खिडक्यांवर पाणी धरून चौकटी कुजतात. उन्हाळ्यात सहा इंची नळीचा डॅम्पर बंद करायचा. तो विसरला की एसीची गार हवा उगाच गोल फिरत राहते.

बॉलकॉक यांच्या मुद्द्याला दुजोरा म्हणून लिहिलं. तिथे बऱ्याच यंत्रांत पाणी पुन्हा फिरवतच नाहीत, पॅडवरून गेलेलं पाणी सरळ ड्रेनला जातं. कारण हेच, क्षार धुऊन निघावेत. तरीही पॅड दर मोसमाला बदलतात.

नवशिका
मग नाशिकच्या थंडीत डक्ट कूलर थोडा चालवून हवा ओली करावी का? डिसेंबरात ओठ फुटतात.

ओला_पारा
नको. आपण घर तापवत नाही, त्यामुळे आतली हवा तितकी कोरडी होत नाही. गार रात्री अजून गार हवा घेऊन आजारी पडाल. ओठांना तूप लावा.

विजेचं_काम
कोणी विजेबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो, हे सगळ्यात आधी यायला हवं होतं. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र आहेत. कूलरला स्वतंत्र लाइन, त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारं बटण), आणि कूलरच्या बॉडीला स्क्रूने घट्ट केलेली अर्थिंगची तार. पंप ओला असताना त्याची केबल खरवडली तर अख्खं डक्ट जिवंत होऊ शकतं, आणि ते तिन्ही खोल्यांत गेलेलं आहे. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, फेज-न्यूट्रल उलटे असतील तर बटण बंद असूनही करंट राहतो. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

पंप आणि ब्लोअरला वेगळी बटणं ठेवा.

ओला_पारा
वेगळ्या बटणांचे दोन मोठे फायदे. झोपताना पंप आधी बंद करून ब्लोअर अर्धा तास चालू ठेवला की पॅड पूर्ण वाळतो, शेवाळ आणि कुबट वास धरत नाही. दुसरा फायदा खास नाशिकचा. इथे मेमध्येही रात्री उशिरा बाहेरचा पारा बऱ्याचदा पंचविशीच्या खाली येतो. तेव्हा पाणी न वापरता नुसता ब्लोअर चालवा. गार कोरडी हवा रात्रभर घरातून फिरते, भिंती आणि स्लॅबमधली उष्णता काढून नेते, दुसऱ्या दिवशी कूलर उशिरा लावावा लागतो. पाणी वाचतं ते वेगळंच.

गोदाकाठ
हे उत्तम सांगितलंत. यासाठी तरी डक्ट करावं असं आता वाटतंय.

मखमलाबाद
डासांचं बघा. डेंग्यूचा डास कूलरच्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस. आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून काठ ब्रशने घासा. अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी जगतात, नुसतं पाणी ओतून देऊन उपयोग नाही.

कौलारू
सगळं वहीत उतरवलं. आता ठरतंय ते असं: ३,००० सीएफएमचा ब्लोअर कूलर मागच्या भिंतीबाहेर, जमिनीवर अँगलच्या स्टँडवर. डक्ट पॅसेजमधून. कूलरला महापालिकेच्या पाण्याची वेगळी २०० लिटरची टाकी, बोअर फक्त अडीअडचणीला. शेवटचे दोन प्रश्न. बसवल्यावर काम नीट झालंय हे कसं तपासायचं, आणि जूनमध्ये डक्टचं तोंड कशाने बंद करायचं?

ओला_पारा
दोन साधे थर्मामीटर घ्या. दुपारी तीनला कूलरजवळ सावलीत एक कोरडा ठेवा, दुसऱ्याच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळून पंख्याच्या वाऱ्यात पाच मिनिटं धरा. मग हॉलच्या जाळीतल्या हवेचं तापमान घ्या. समजा बाहेर ३८, ओला २१, जाळीत २५. बाहेर वजा जाळी १३, बाहेर वजा ओला १७. तेराला सतराने भागलं की ७६ टक्के. ७५ च्या वर असेल तर पैसे चुकते करा. ६५ च्या खाली असेल तर पॅडवरचे कोरडे पट्टे, पॅड आणि चौकटीतली फट, डक्टचा उन्हातला भाग, या क्रमाने शोधा.

पत्रा_२४गेज
भिंतीतून आत शिरतो तिथे सरकता पत्रा बसवून घ्या, खाचेत फोमची पट्टी. पहिला पाऊस पडला की पत्रा खाली. नुसता डॅम्पर पुरत नाही, त्याच्या पात्यांच्या फटीतून दमट हवा, डास आणि पाली डक्टमध्ये शिरतात. बंद करण्याआधी पॅड काढून, धुऊन, वाळवून आत ठेवा, टाकीचा तळाचा बूच काढून ठेवा आणि कूलरवर ताडपत्री घाला, पण खालून हवा खेळती राहू द्या. घट्ट बांधली तर आतला पत्रा सप्टेंबरपर्यंत गंजतो.

कौलारू
सरकत्या पत्र्याचं मापातच सांगते फॅब्रिकेटरला. उदबत्तीची आणि थर्मामीटरची दोन्ही तपासणी झाली की आकडे इथेच टाकते.